यजमान कोण, पाहुणा कोण, आणि माल कोण?

(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

दोस्तांनो,

मी विद्वान नाही. मॅट्रिक झालोय, गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो आणि कविता लिहितो. तेव्हा माझ्याकडून मोठमोठ्या व्याख्यांची अपेक्षा करू नका. जे वाचलंय आणि जे खांद्यावर वाहिलंय, त्याच्या जोरावर बोलणार आहे.

विषय तुम्हाला माहीत आहे. मागच्या महिन्यात एका विद्यापीठाची दोन माणसं वस्तीत आली. जगभरच्या प्राध्यापकांची एक परिषद असते. तिचा विषय, विद्यापीठ आणि समाज यांचं नातं. त्यांच्या भाषेत 'कम्युनिटी एंगेजमेंट'. ही परिषद दर खेपेला वेगळ्या देशात भरते. पुढची कुठं भरवायची, यजमानपद कुणाला द्यायचं, त्यासाठी अर्ज मागवलेत. ह्या विद्यापीठाला अर्ज करायचाय आणि अर्जाला वस्तीतल्या संघटनेचं पाठिंब्याचं पत्र जोडायचंय. पत्र ते टाइप करूनच घेऊन आले होते. इंग्रजीत. आपण फक्त सही करायची आणि शिक्का मारायचा.

शाखेत दोन तट पडले. एक म्हणतो, करा सही, आपल्या बापाचं काय जातंय. दुसरा म्हणतो, हाकलून द्या साल्यांना. मला दोन्ही पटत नाही. सही फुकटची नसते. आणि हाकलून दिलं तर ते शेजारच्या वस्तीत जाऊन दुसऱ्या कुणाचा शिक्का आणतील, एवढंच. तेव्हा आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ.

पहिल्यांदा शब्द बघा. यजमान. हा शब्द यज्ञातून आलाय. ज्याच्या पैशानं, ज्याच्या नावानं यज्ञ होतो आणि ज्याला त्याचं पुण्य मिळतं तो यजमान. लाकडं फोडणारा यजमान नव्हे. मेलेलं ढोर ओढून नेणारा तर नव्हेच. उत्तरेत ह्याच शब्दावरून जजमानी पद्धत आली. आपल्याकडं तिचा भाऊ म्हणजे बलुतेदारी. सेवा करणारा एकीकडं, सेवा घेणारा दुसरीकडं, आणि मध्ये सुपात पडणारं बलुतं. तेव्हा कुणी 'यजमान संस्था निवडायची आहे' असं म्हटलं की माझे कान टवकारतात. पुण्य कुणाच्या खात्यात आणि राबणूक कुणाच्या, हा प्रश्न त्या शब्दातच आहे.

आता यजमान निवडतात कसे? विमानतळ किती जवळ आहे, हॉटेलात खोल्या किती, सभागृहात खुर्च्या किती, बाजूला लहान वर्ग किती, पैसे कोण देणार, कुलगुरूचं पत्र आहे का, असं सगळं अर्जात मागतात. ह्यात वाईट काही नाही. माणसं लांबून येणार तर त्यांची सोय लागतेच. पण गोदीचा साधा कायदा सांगतो. जहाज धक्क्याला लावायचं असेल तर धक्क्यावरचा रंग कुणी बघत नाही. पाणी किती खोल आहे ते बघतात. जहाजाचा तळ किती बुडतो आणि धक्क्यापाशी पाणी किती आहे, ह्याचा मेळ बसला नाही तर जहाज गाळात रुततं. मग वर कितीही मोठी क्रेन असू दे. परिषद भरवणारे क्रेन मोजतात, खोली मोजत नाहीत. खोली म्हणजे त्या संस्थेचं तिच्या भोवतालच्या माणसांशी खरोखर नातं काय, ते.

काही दाखले देतो.

२००५ साली सप्टेंबरात फ्रान्समध्ये तालुआर नावाच्या गावी विद्यापीठांचे प्रमुख जमले. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचं तिथं एक केंद्र आहे. अकराव्या शतकातला जुना मठ, समोर आन्सीचं तळं. २३ देशांतले २९ विद्यापीठप्रमुख होते. त्यांनी जाहीरनामा काढला, की उच्च शिक्षणाची समाजाप्रती जबाबदारी आहे, विद्यापीठानं भिंतीबाहेर पडलं पाहिजे. चांगली गोष्ट आहे. मी टिंगल करत नाही. त्यातून विद्यापीठांचं एक जाळं उभं राहिलं आणि पुढं त्यांच्या परिषदा २०११ मध्ये माद्रिदला, २०१४ मध्ये केप टाऊनला, २०१७ मध्ये मेक्सिकोत वेराक्रुझला झाल्या. म्हणजे तळ्याकाठच्या मठातून गाडी दक्षिणेकडं सरकली. पण पहिल्या दिवशीचं चित्र ध्यानात ठेवा. समाजाशी नातं जोडायचा ठराव समाजापासून लांब, डोंगरातल्या मठात झाला. सही करणारे सगळे प्रमुख होते. समाज ठरावात होता, खोलीत नव्हता.

आता दुसरा दाखला. हा मला फार महत्त्वाचा वाटतो.

१९८६ साली इंग्लंडात साउदॅम्प्टन इथं पुरातत्त्ववाल्यांची जागतिक परिषद भरायची होती. साउदॅम्प्टन हे बंदराचं गाव, म्हणून मला ते जवळचं. मूळची ती एका जुन्या आंतरराष्ट्रीय संघाची अकरावी परिषद. तयारी जोरात चाललेली. पीटर उको नावाचा माणूस संयोजनाचा चिटणीस होता. तो आधी ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळनिवासींच्या अभ्यासाची संस्था चालवून आलेला. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट होती आणि तिच्यावर बहिष्काराची हाक जगभर गेली होती. साउदॅम्प्टनची नगरपालिका, विद्यार्थी संघटना, प्राध्यापकांची युनियन यांनी सांगितलं, की दक्षिण आफ्रिकेतल्या संस्थांचे प्रतिनिधी येणार असतील तर आमचा पैसा, आमची जागा, आमचा सहभाग नाही.

समजून घ्या. यजमान गाव बोललं. परिषद कुणाची, तर विद्वानांची. पण रस्ते, दिवाबत्ती, वसतिगृहं कुणाची, तर गावाची. आणि गावानं अट घातली.

मग एकच गलका झाला. ज्ञानाचं स्वातंत्र्य धोक्यात आलं, विद्वानाला पासपोर्टावरून अडवू नका, विज्ञानात राजकारण आणू नका. १९८५ च्या सप्टेंबरात संयोजकांनी दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या संस्थांचा सहभाग बंद केला. १९८६ च्या जानेवारीत मूळ आंतरराष्ट्रीय संघानं परिषदेची मान्यता काढून घेतली आणि स्वतःची परिषद १९८७ साली जर्मनीत माइन्झला नेली. पुष्कळ नामवंतांनी साउदॅम्प्टनहून अंग काढून घेतलं. पण परिषद मोडली नाही. सप्टेंबर १९८६ मध्ये ती भरली, नव्या नावानं, 'वर्ल्ड आर्किऑलॉजिकल काँग्रेस' म्हणून. आणि तिथं गरीब देशांतली माणसं आली, मूळनिवासी जमातींची माणसं आली. ज्यांच्या बापजाद्यांची हाडं म्युझियमच्या कपाटात होती, ती माणसं हाडं मोजणाऱ्यांच्या समोर बसली.

ह्याचा परिणाम काय झाला? ह्याच संघटनेनं १९८९ साली अमेरिकेत साउथ डकोटामधल्या व्हर्मिलियन ह्या गावी बैठक घेतली. विषय होता मेलेल्यांचे अवशेष. तो मुलूख सू जमातीचा. जिथं जखम, तिथंच बैठक. त्यातून मानवी अवशेषांचा मान राखण्याबद्दल एक करार निघाला, त्याला व्हर्मिलियन करारच म्हणतात. १९९० साली अमेरिकेनं मूळनिवासींचे अवशेष आणि वस्तू परत करण्याचा कायदा केला. हा कायदा त्या बैठकीमुळं झाला असं मी म्हणत नाही, त्यामागं मूळनिवासींचा स्वतःचा लढा होता. पण जागेची निवड म्हणजे नुसता नकाशावरचा ठिपका नसतो, हे ह्यावरून कळतं. जागा बदलली की खुर्चीवर कोण बसतो ते बदलतं. आणि खुर्चीवरचा माणूस बदलला की विषय बदलतो.

पण थांबा. ह्याच संघटनेची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

तिची तिसरी परिषद १९९४ च्या डिसेंबरात दिल्लीला झाली. परिषदेच्या दिवसांतच ६ डिसेंबर होता. बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, आणि बाबरी मशीद पाडली त्याला दोन वर्षं पुरी झालेली. मशिदीखाली काय होतं, पुराव्याचं काय केलं, पुरातत्त्ववाल्यांनी काय भूमिका घेतली, हा तर त्यांच्याच धंद्यातला प्रश्न. आणि नेमक्या ह्या प्रश्नावर चर्चा करायची नाही असं ठरलं! भारतातल्या संयोजकांचा आग्रह, आणि आंतरराष्ट्रीय पदाधिकाऱ्यांनी मान डोलावली. शेवटच्या सभेत व्यासपीठावर धक्काबुक्की झाली. जगभरच्या विद्वानांसमोर. शेवटी अयोध्येसारख्या विध्वंसाच्या प्रश्नावर बोलायला संघटनेला १९९८ साली क्रोएशियातल्या ब्राच बेटावर वेगळी बैठक घ्यावी लागली. दिल्लीतला प्रश्न बोलायला एवढा समुद्र ओलांडावा लागला.

एकच संघटना, फक्त यजमान बदलला. १९८६ ला यजमानानं दार उघडलं, १९९४ ला यजमानानं तोंड दाबलं. यजमान फक्त चहा-नाश्ता देत नाही. काय बोलायचं आणि काय नाही, हेही यजमान ठरवतो.

हे आपल्याला नवीन आहे काय? १९३६ साल आठवा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं. जात तोडायला निघालेली मंडळी, नावातच 'तोडक'. पण भाषणाचा मजकूर हातात पडला आणि स्वागत समितीला घाम फुटला. हे गाळा, ते बदला. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा हलणार नाही. परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. आज त्या स्वागत समितीतली नावं आठवायला डोकं खाजवावं लागतं. न झालेलं भाषण मात्र जगभर वाचलं जातं.

त्याच्या वीस वर्षं आधी, ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर ह्या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकाच्या सेमिनारात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. म्हणजे आपल्या इथं बसलेल्या पोरांच्या वयाचे. ज्याच्याविषयी इतरांनी निबंध लिहायचे, तो स्वतः उठून निबंध वाचतो. 'समाजाचा सहभाग' असा शब्द तेव्हा कुणाच्या डोक्यात नसेल. पण सहभाग म्हणजे हाच. बाकी सगळी सजावट.

आणि महाड. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद. त्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. गावात तळं होतं, नगरपालिकेनं ते खुलं केल्याचा ठराव होता, तरी पाणी विकत! डिसेंबरातल्या परिषदेला मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान ह्या मुसलमान माणसानं आपली जमीन दिली. खरा यजमान कोण, ते तिथं कळलं. त्याच्याकडं सभागृह नव्हतं. कुलगुरूचं पत्र नव्हतं. पण खोली होती.

आता माल ह्या शब्दाकडं येतो.

गोदीत टॅली क्लार्क असतो. किती नग आले, किती गेले, किती फुटले, ह्याचा तो हिशेब ठेवतो. विद्वानांच्या परिषदांत टॅली कोण ठेवतो? वस्तीतून माहिती जाते, फोटो जातात, आमच्या आयांच्या मुलाखती जातात, आमची भाषासुद्धा जाते. त्याचे निबंध होतात, निबंधाची पदवी होते, पदवीची बढती होते. परत काय येतं? दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांचं बघा. रानात चालताना भूक मारायला ते हुडिया नावाचं निवडुंगासारखं झाड चघळायचे. पिढ्यान्पिढ्यांचं ज्ञान. १९९६ साली तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याचं पेटंट घेतलं. सानांना विचारलंही नव्हतं. बोंब झाली, लढा झाला, तेव्हा कुठं २००३ साली त्यांच्या वाट्याचा करार झाला. आणि २०१७ साली सान लोकांनी स्वतःची संशोधन-आचारसंहिता काढली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, असे साधे शब्द. आमच्याकडं यायचं तर ह्या अटींवर या.

तसंच कॅनडात व्हँकुव्हर शहरात डाउनटाऊन ईस्टसाइड नावाची गरीब वस्ती आहे. तिथं इतके अभ्यासक येऊन गेले, की लोक वैतागले. २०१९ साली तिथल्या रहिवाशांनी जाहीरनामाच काढला, की आमच्यावर संशोधन करायचं तर आम्हाला विचारून, आमच्या वेळेचं मोल देऊन, आणि जे सापडलं ते आमच्याकडं परत आणून.

बघा, हे सगळे आपल्यासारखेच. कुणी आदिवासी, कुणी बेघर, कुणी नशेत बुडालेला. पण त्यांनी कागद स्वतः लिहिला. आणि आपण दुसऱ्यानं टाइप केलेल्या कागदावर शिक्का मारायचा?

कुणी विचारेल, विद्यापीठं सगळी चोरच असतात का? नाही. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून 'विज्ञान दुकानं' काढली. गरिबानं, युनियननं, वस्तीनं प्रश्न घेऊन जायचा. आमच्या पाण्यात काय आहे, आमच्या कारखान्यातल्या धुरानं काय होतं? विद्यापीठानं त्याचं उत्तर शोधून द्यायचं. प्रश्न आमचा, मेहनत त्यांची. पुढं अशी दुकानं दुसऱ्या देशांत निघाली आणि त्यांच्याही आंतरराष्ट्रीय परिषदा भरायला लागल्या, पहिली २००१ साली बेल्जियममधल्या ल्युव्हेनला. इथं मुंबईतही समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली शाळा १९३६ साली नागपाड्यात, वस्तीच्या मधोमध सुरू झाली. १९५४ मध्ये ती देवनारला गेली. म्हणजे विद्यापीठ आणि वस्ती एका गल्लीत राहू शकतात. अशक्य काही नाही. फक्त कोण कुणाच्या दारात जातो, हे आधी ठरवावं लागतं.

आता सर्वांत कडू गोष्ट. समाजाशी नातं जोडायची परिषद भरवू म्हणणाऱ्या संस्थेला मी पहिला प्रश्न विचारीन, की तुमच्या आत जो समाज आहे त्याचं काय केलंत? १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला आणि त्याच्या चार दोस्तांना होस्टेलातून काढलं होतं. ते उघड्यावर तंबू टाकून बसले होते. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. दोघांच्या आयांनी मिळून त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात दाद मागितली, की विद्यापीठातला जातिभेद थांबवा. ज्यांनी आपली पोरं विद्यापीठाला दिली त्या आया कोर्टाच्या पायरीवर, आणि विद्यापीठ 'समाज' शोधत वस्तीत येणार? समाज तुमच्या होस्टेलात होता ना! तुमच्या संडासात झाडू मारतोय ना! कॅन्टीनमध्ये ताटं विसळतोय ना! गेटवर काठी घेऊन उभा आहे ना, बारा तास, ठेकेदाराच्या वर्दीत!

म्हणून माझं म्हणणं असं. सही नाकारायची नाही आणि त्यांच्या पत्रावर करायचीही नाही. पत्र आपण लिहायचं. मराठीत. त्यांना इंग्रजीत पाहिजे तर त्यांनी भाषांतर करून घ्यावं, आणि ते आपल्या कॉलेजातल्या पोरांनी तपासावं. त्या पत्रात अटी घालायच्या. मी सात काढल्यात. तुम्ही वाढवा, कमी करा.

पहिली अट. अर्ज करणाऱ्या संस्थेत झाडू, कॅन्टीन, बागा आणि पहारा ह्या कामांना किती कंत्राटी माणसं आहेत, त्यांना किती पगार मिळतो, किमान वेतन मिळतं का, ते अर्जात लिहायचं. ही खोली मोजायची दोरी. जो घरच्याला उपाशी ठेवतो त्यानं जगाला जेवायला बोलावू नये.

दुसरी. जातिभेदाच्या तक्रारी ऐकायची समिती आहे का, तिच्यात कोण आहे, तिच्यापुढं आलेल्या तक्रारींचं काय झालं? नावं नकोत, आकडे द्या.

तिसरी. संयोजन समितीत निम्मी माणसं वस्त्यांची. कार्यक्रम ठरवताना, वक्ते निवडताना, पैसा वाटताना. आणि बैठक संध्याकाळी सातनंतर घ्यायची. दुपारी तीनची बैठक म्हणजे आम्हाला वगळण्याची सभ्य पद्धत.

चौथी. खाडा. परिषदेच्या तीन दिवसांत वस्तीतला जो माणूस येईल त्याचे तीन खाडे होतात. प्राध्यापकाला त्याच दिवसांचा पगार मिळतो, वर प्रवासभत्ता. घरकाम करणाऱ्या बाईचे तीन दिवस कापले जातात, कदाचित कामही जातं. तेव्हा खाड्याची भरपाई द्यायची. ही भीक नव्हे, मजुरी आहे. आणि आमच्यासाठी नोंदणी फी नाही.

पाचवी. भाषा. सगळ्या सभांत मराठी आणि हिंदीत दुभाषा पाहिजे. आणि उलटंही. आमचा माणूस मराठीत बोलेल, साहेबांनी कानाला यंत्र लावून ऐकावं. इंग्रजी आली नाही म्हणून जो गप्प बसतो, त्याला 'सहभागी' म्हणून मोजू नका.

सहावी. वस्तीदर्शनाची बस नको. परदेशी पाहुणे येणार, गळ्यात कॅमेरा, गटार बघणार, 'किती चिवट माणसं' म्हणणार आणि हॉटेलात जाऊन हात धुणार. हे चालणार नाही. यायचं तर बोलायला या. आमच्या अभ्यासिकेत सतरंजीवर बसा. परिषदेची एक पुरी सभा वस्तीत घ्या आणि तिचा अध्यक्ष आमचा असेल.

सातवी. तोंड दाबायचं नाही. कुठलाही विषय आधीच वगळायचा नाही. ही अट सोपी वाटते, पण सर्वांत अवघड हीच आहे. आपल्या देशात परदेशी विद्वान बोलवायचे तर सरकारची परवानगी लागते. जानेवारी २०२१ मध्ये तर शिक्षण मंत्रालयानं हुकूम काढला होता, की देशाच्या अंतर्गत बाबींशी संबंध येणाऱ्या ऑनलाइन परिषदाही सरकारी संस्थांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. विद्वानांनी ओरड केली आणि फेब्रुवारीत तो मागं घेतला. जात ही अंतर्गत बाब, भूक ही अंतर्गत बाब, गटारात गुदमरून मरणं ही अंतर्गत बाब. मग समाजाशी नातं जोडायचं कशावर? फुलझाडांवर? तेव्हा यजमानानं लिहून द्यावं, की परवानगीच्या नावाखाली विषय कापला तर तो कापल्याचं सर्वांसमोर जाहीर सांगू. एवढं तरी.

आता ह्यावर तीन आक्षेप येणार, मला माहीत आहेत.

एक, एवढ्या अटी घातल्या तर ते दुसऱ्या कुणाकडून पत्र आणतील. आणू देत. पण आपलं पत्र आपण परिषदेच्या मूळ संघटनेकडंही पाठवायचं, थेट. अर्ज निवडणाऱ्यांना कळू दे, की ह्या शहरातल्या एका वस्तीचं म्हणणं काय आहे. आणि शेजारच्या वस्तीलाही आपल्या अटी वाचून दाखवायच्या. गोदीत एका टोळीनं नकार दिला तर मुकादम दुसरी टोळी आणतो. सगळ्या टोळ्यांनी एकच भाव सांगितला तर मुकादमाला बसून बोलावं लागतं.

दोन, ह्यात आपला फायदा काय? परिषद तीन दिवसांत उठेल, मंडप निघेल. बरोबर. म्हणूनच मागं काय राहणार हे आधी विचारायचं. जे निबंध आपल्यावर वाचले जातील त्यांची मराठी प्रत वस्तीच्या अभ्यासिकेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपल्या पोरांना प्रवेश. आणि विज्ञान दुकानासारखी एक खिडकी, जिथं आपण प्रश्न घेऊन जाऊ शकू. हे मिळालं तर परिषद झाली म्हणेन. नाहीतर नुसती जत्रा.

तीन, हे राजकारण आहे. हो, आहे. साउदॅम्प्टनला हेच म्हणाले होते. लाहोरलाही हेच म्हणाले होते. खुर्च्या कुणाला आणि उभं कुणी राहायचं, हे ठरवणं राजकारण नसेल तर मग राजकारण कशाला म्हणतात?

दोस्तांनो, मला विद्यापीठाचा राग नाही. मला तिथं जाता आलं नाही, तुमच्यातल्या पुष्कळांना जायचंय, आणि तुम्ही गेलंच पाहिजे. म्हणून तर बोलतोय. उद्या तुम्ही त्या सभागृहात बसाल तेव्हा यजमान निवडणाऱ्यांत तुम्हीही असाल. तेव्हा विमानतळ किती लांब आहे हे जरूर विचारा. पण त्याच्या आधी विचारा, की सर्वांत जवळची वस्ती किती लांब आहे? आणि तिथल्या माणसाला ह्या गेटातून आत यायला किती वर्षं लागली?

ते लोक येत्या रविवारी पत्र न्यायला येणार आहेत. पत्राचा मसुदा शनिवारी रात्री शाखेत बसून लिहू. ज्याला लिहिता येतं त्यानं लिहावं, ज्याला येत नाही त्यानं सांगावं. सही सगळ्यांची. अंगठा असला तरी चालेल.

जय भीम.